माझ्या मागे भुंकणारा कुत्रा

गिरणीवरचा आमचा काळा कुत्रा मेला तो पावसाळ्यात, भाताच्या आवणीची गडबड चालू असताना. म्हातारा झाला होता. एका कानाचा शेंडा कधीच तुटलेला, मागचा पाय धरलेला, तरी दारात गाडी थांबली की सवयीने दोनदा भुंकायचा. दोनदाच. मग पुन्हा पोत्यावर डोकं टेकायचा. मीच त्याला गिरणीमागच्या उंबराखाली पुरला आणि वर दगड रचले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात तो कुत्रा भुंकला आहे.

माझी घोटीला भाताची गिरणी आहे. दर पंधरा दिवसांनी मी टेम्पोत तांदळाचे कट्टे भरून नाशिकला जातो, घरोघरी पोचवतो आणि येताना गिरणीचं सामान, बायकोची औषधं, कुणाचा दुरुस्तीला टाकलेला मिक्सर असं सगळं घेऊन येतो. एका फेरीत चार कामं बसली नाहीत तर मला ती फेरी वाया गेल्यासारखी वाटते. शर्टाच्या खिशात कागद असतो. काम झालं की त्यावर रेघ. कागदावर शेवटचं नाव नेहमी बहिणीचं, कारण तिथे जेवण असतं.

"आमचा नंबर कायम शेवटचा," असं ती दार उघडतानाच म्हणते. "यादीत खाली, कोथिंबिरीच्या पण खाली."

"कोथिंबीर सुकते. तू सुकत नाहीस," असं मी म्हणतो. हे आमचं ठरलेलं आहे.

बहीण माझ्यापेक्षा लहान. पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर राहते. दाजी अंबडच्या कारखान्यात पाळीवर असतात. त्यांना एकच मुलगी, पाचवीत. मी तिला चिमणी म्हणतो. घरात दुसरं कुणी तसं म्हणत नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला चालतही नाही.

दर मे महिन्यात मी तिला न्यायला येतो. परीक्षा संपली की बॅग भरून ती गॅलरीत उभी राहते, टेम्पो दिसला की जिना उतरून खाली येते, आणि महिनाभर गिरणीत तुसाच्या ढिगावर लोळते. मामाने न्यायला यायचं आणि भाचीने जायचं. यात विचारायचं, परवानगी घ्यायची असं काही नसतं. शेजाऱ्यांनाही ते माहीत असतं. मामाबरोबर निघालेल्या पोरीला कुणी "कुठे चाललीस" असं विचारत नाही.

काळा कुत्रा मेला त्याच्या आदल्या मे महिन्यात तिनेच मला व्हिडिओ करायला शिकवलं. दलालाला तांदूळ देण्यापेक्षा थेट नाशिकच्या घरांत द्यावा, असं माझं चाललं होतं. ती म्हणाली, "मामा, तू बोल, मी फोन धरते." मी हातात इंद्रायणीचे दाणे घेऊन बोलायचो, मागे गिरणीच्या पट्ट्याची फटफट, कुत्र्याचं भुंकणं, आणि शेवटी कॅमेऱ्यामागे बघून मी विचारायचो, "काय गं चिमणे, आलं का सगळं?" ती मागून ओरडायची, "आलं मामा!" लोकांना तेच आवडलं. तांदळापेक्षा लोक तिच्या आवाजाबद्दल लिहायचे. ऑर्डरी वाढल्या. मी तसे बरेच व्हिडिओ टाकले. त्यांच्याखाली तिने स्वतः लिहिलं होतं, 'हा माझा मामा आहे.'

पाचवीत गेल्यावर बहिणीने तिला आपला जुना फोन दिला. शाळेचा अभ्यास त्यावर येतो, म्हणून. अभ्यासाबरोबर एक खेळही आला, शेती करायचा, घरं बांधायचा, ज्यात मुलं एकमेकांशी बोलू शकतात. बहिणीला काळजी वाटली. मला म्हणाली, "दादा, तुला याद्यांची हौस आहे. हिला नियमांची एक यादी करून दे."

मी ती मन लावून केली. मोठ्या अक्षरात, फ्रिजवर लावण्यासारखी. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. घराबाहेरच्या कुणालाही फोटो पाठवायचा नाही. पत्ता, शाळा, क्लास सांगायचा नाही. जेवताना फोन नाही. आणि सगळ्यात खाली, शंका आली तर आई, बाबा किंवा मामाला विचारायचं. बहिणीने ती द्राक्षाच्या घडाच्या लोहचुंबकाने फ्रिजवर लावली. आल्यागेल्याला दाखवायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिचा फोटोसुद्धा काढून नेला.

थंडीच्या दिवसांत कधीतरी मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. पण ते इतकं बारीक होतं की जाणवलं असं आत्ता म्हणतो. आम्ही जेवायला बसलो होतो. चिमणीने माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. मीही मिचकावला. मामा लोक मिचकावतात. ती भाकरीत तोंड लपवून हसली.

पुढच्या खेपेला मी कट्टा खांद्यावरून उतरवत होतो, तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "काल मुद्दाम हरलास ना?"

माझं लक्ष कट्ट्याच्या शिवणीकडे होतं. मी म्हटलं, "हो, हो."

"मला माहीतच होतं," असं म्हणून ती उड्या मारत आत गेली. मुलं काहीही खेळतात, मनातल्या मनात. मी खिशातला कागद काढून रेघ मारली.

मग मार्च संपताना तिने मला जिन्यात गाठलं. मी खाली निघालो होतो. तिचा चेहरा रागावलेला होता.

"मामा, तू मला खोटं सांगितलंस."

"काय गं?"

"काळा मेलेला नाहीये. मी ऐकला."

मी थांबलो. कुत्रा मेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं होतं आणि ती खूप रडली होती. मी पायरीवर बसलो आणि म्हटलं, "बाळा, मी स्वतः पुरलाय त्याला. उंबराखाली. दगड ठेवलेत वर, तू आलीस की दाखवतो."

"मग काल कसा भुंकला? दोनदा?"

"दुसरा असेल एखादा. तुमच्या गल्लीतला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग जरा मोठ्या माणसासारखं म्हणाली, "बरं. इथे नको बोलायला." आणि वर निघून गेली. खाली टेम्पोत बसल्यावर मी गाडी चालू केली नाही. ती चेष्टा करत नव्हती, हे मला कळत होतं. पोरगी मनाने अजून कुत्र्यात अडकली आहे, बहिणीशी बोललं पाहिजे, असं मी कागदावर लिहून ठेवलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, ते उघडं पडलं. शाळेला सुट्टी लागली होती. सोसायटीत चिटपाखरू नव्हतं. कूलरची घरघर तेवढी चालू होती. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, दाजी कामावर, बहीण चहा टाकत होती आणि मी बाहेरच्या खोलीत हातात पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो.

चिमणी आतून फोन घेऊन बाहेर आली. दारातच थांबली. तिने आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे.

"मामा, तुझा फोन कुठाय?"

"चार्जिंगला. का गं?"

तिने पुन्हा फोनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"मग हे कोण लिहितंय?"

मी बशी ठेवली आणि उठून तिच्या हातातला फोन पाहिला. वर माझा फोटो होता. गिरणीच्या दारातला, पांढरी टोपी घातलेला. त्याच्या शेजारी 'मामा' असं लिहिलेलं. आणि खाली तीन टिंबं, उठत होती, बसत होती. मामा लिहितोय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तिथे रिकाम्या हातांनी उभा होतो आणि मी लिहीत होतो.

टिंबं थांबली. मेसेज आला.

'चिमणे, बॅग भरलीस का?'

बहीण चहा घेऊन आली तोवर आम्ही दोघं तसेच उभे होतो. "काय झालं? भूत बघितल्यासारखं काय करताय?" असं म्हणत तिने फोन हातात घेतला. मग तिने खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली. अगदी वरून.

पहिला मेसेज जानेवारीतला होता. 'ओळखलंस का चिमणे? अगं मीच, मामा.' तिने उत्तर दिलं होतं, 'मामा!! तू पण खेळतोस?' मग त्याने लिहिलं होतं की खेळतो, पण मामीला सांगू नको, ती ओरडेल, म्हणेल गिरणी सोडून पोरासारखा खेळत बसतो. म्हणून घरी भेटलो की यावर बोलायचं नाही. फक्त डोळा मिचकावायचा.

मी मिचकावला होता.

पुढे महिन्यांचं बोलणं होतं. शेतात काय पेरलं, शाळेत काय झालं, कोण मैत्रीण रुसली. गोड बोलणं. माझ्यापेक्षा जास्त वेळ काढून, जास्त लक्ष देऊन बोललेलं. तिची परीक्षा केव्हा, चित्रकलेचा क्लास कुठल्या वारी, दाजींची पाळी कुठली, सगळं त्याला माहीत होतं. मध्ये एका ठिकाणी त्याने तिचा शाळेच्या कपड्यांतला फोटो मागितला होता. तिने लिहिलं होतं, 'यादीत नाही म्हटलंय ना, फोटो पाठवायचा नाही.' त्यावर त्याने विचारलं होतं, कुठली यादी? तिने सगळी यादी लिहून पाठवली होती, खालच्या ओळीसकट. मग त्याचं उत्तर होतं, 'ती घराबाहेरच्यांसाठी. मी घरातला. यादी मीच केली ना वेडे?'

त्यानंतर फोटो होते. शाळेचे कपडे. तिची खोली. गॅलरीतून दिसणारा रस्ता.

"हे ऐक," चिमणी हळू आवाजात म्हणाली आणि तिने एका ठिकाणी बोट ठेवलं.

माझा आवाज आला. "काय गं चिमणे, आलं का सगळं?" त्यामागे पट्ट्याची फटफट होती. आणि कुत्रा भुंकला. दोनदा. मग आवाज बंद झाला, तिचं "आलं मामा!" येणार त्याच्या जरा आधी.

तो आवाज माझाच होता. कुणी नक्कल केली नव्हती. ते शब्द मी खरंच बोललो होतो, गेल्या मे महिन्यात, गिरणीच्या दारात, आणि फोन तिने धरला होता. फक्त तिला ते तेव्हा म्हटलं होतं, आणि आता ते कुणीतरी मेलेल्या कुत्र्यासकट कापून तिला पुन्हा पाठवलं होतं.

मी मान वर केली तर बहीण माझ्याकडे बघत होती.

ती नजर मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. लहानपणापासून तिला कडेवर घेतलं, शाळेत सोडलं, तिचं लग्न लावून दिलं. त्या नजरेत यातलं काही नव्हतं. एक अनोळखी माणूस घरात आला आहे आणि आपली मुलगी त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी आहे, अशी ती नजर होती. क्षणभरच. पण तिने चिमणीला हाताने स्वतःकडे ओढलं.

"दादा," ती म्हणाली, "तुझा फोन आण."

मी आणला. उघडून तिच्या हातात दिला. ती बघत राहिली, आत-बाहेर, सगळं. त्या वेळात चिमणीचा फोन पुन्हा वाजला. आम्ही तिघं एकाच वेळी दचकलो.

'चिमणे? आहेस का?'

बहिणीने माझा फोन खाली ठेवला आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. "मला माफ कर," असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "माफी कसली, तू बघितलंस ते बरोबर केलंस." ते खरं होतं, आणि तरी ते मला आजही कुठेतरी टोचतं. संध्याकाळी दाजी आले. सगळं ऐकून घेतलं, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुमचा फोन जरा दाखवा." मी दुसऱ्यांदा दिला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता.

चिमणीला आम्ही रागावलो नाही. तरी ती एकच गोष्ट परत परत सांगत होती. "मी नियम मोडला नाही. मी अनोळखी माणसाशी बोलले नाही. मला शंका आली तेव्हा मी मामाला विचारलं." आणि तिने खरंच विचारलं होतं. तेही मेसेज होते. 'मामा, काळा मेला म्हणालास, मग भुंकला कसा?' त्यावर त्याने लिहिलं होतं, 'आलीस की दाखवतो.'

माझेच शब्द. जिन्यात मी जे म्हटलं होतं तेच, त्याने न ऐकता.

पलंगाखाली बॅग होती. भरलेली. दोन फ्रॉक, दात घासायचा ब्रश, चित्रांची वही आणि काळ्यासाठी बिस्किटांचा पुडा. सोमवारी चित्रकलेच्या क्लासला बॅग घेऊन जायचं, क्लास सुटला की 'आपल्या रसवंतीपाशी' थांबायचं, मामा न्यायला येणार. आईला सांगायचं नाही, घोटीला पोचल्यावर व्हिडिओ कॉल करून दचकवायचं. इतकं साधं. क्लासच्या बाईंनाही काही वाटलं नसतं. मामाबरोबर चालली आहे, एवढंच.

रविवारी आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या मॅडम मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. मेसेज वाचताना त्यांचा चेहरा हलला नाही. म्हणाल्या, "काही पुसू नका. उत्तर देऊ नका. फोन चालू ठेवा. मुलगी घराबाहेर पडणार नाही. सोमवारी आमची माणसं साध्या कपड्यांत तिथे असतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही लांबून बघायला या. ओळखीचा एखादा चेहरा दिसतो का ते बघा. गिरणीवर आलेला, तांदूळ घेतलेला. पण लक्षात येईल असं काही करू नका."

"नाही करणार," मी म्हटलं.

सोमवारी दुपारी मी तिथे पोचलो. कोपऱ्यावर रसवंती, तिच्या यंत्राला घुंगरू बांधलेले. गिऱ्हाईक नव्हतं तरी तो माणूस चाक हळूहळू फिरवत होता, सवयीने, आणि त्या उन्हात घुंगरांचा आवाज रिकाम्या गल्लीत फिरत होता. मी चिमणीला तिथे कितीदा रस पाजला असेल. तीच त्या रसवंतीला 'आपली' म्हणायची. म्हणून मेसेज लिहिणाऱ्यालाही ती आपली झाली होती. समोर लिंबाखाली एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिच्या बुटांवरून मला कळलं की ती भाजी घ्यायला आलेली नाही. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गाडीत बसून राहिलो आणि येणाराजाणारा प्रत्येक चेहरा बघत राहिलो. दुचाकीवर एक जण थांबला, फोन बघितला, गेला. बँकेच्या पायरीवर एक जण फोन बघत होता. वरच्या गॅलरीत एक जण. औषधाच्या दुकानातला. पानाच्या टपरीवरचे दोघे. प्रत्येकाचं डोकं खाली होतं आणि प्रत्येकाचा अंगठा हलत होता. मी आयुष्यात त्या गल्लीला कधी घाबरलो नव्हतो.

क्लास सुटला. मुलं बाहेर आली, आपापल्या आयांबरोबर निघून गेली. गल्ली पुन्हा रिकामी झाली. घुंगरू थांबले.

माझा फोन वाजला. बहीण.

"दादा, तू कुठे आहेस?"

"गाडीत."

"कुठल्या गाडीत?"

मला तिचा प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मी टेम्पोत होतो. जाता जाता इंदिरानगरला तीन कट्टे द्यायचे होते. एका फेरीत दोन कामं. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना ठळक लाल अक्षरांत गिरणीचं नाव होतं आणि प्रत्येक व्हिडिओत तो टेम्पो माझ्या मागे उभा होता.

"त्याचा मेसेज आलाय," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, वाचून दाखवतात तसा. "चिमणे, आज नको येऊस. गिरणीची गाडी घेऊन कुणीतरी उभा आहे. त्याच्याजवळ जाऊ नको. हाक मारली तरी जाऊ नको." ती थांबली. "तो मामा नाही."

मी आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं. पुढे पिशवीवाली बाई, रसवंतीचा माणूस, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. यातल्या कुठून तरी, किंवा कुठल्या तरी काचेमागून, कुणीतरी माझ्याकडे बघत होतं आणि माझ्या भाचीला माझ्यापासून सावध करत होतं. माझ्याच काळजीने. मी असतो तर जसं लिहिलं असतं तसं.

"दादा?" बहीण म्हणाली. "तूच आहेस ना?"

"अगं मीच," मी म्हटलं. आणि म्हणताना मला ते ऐकू आलं. त्याचा पहिला मेसेज असाच होता.

पोलिसांनी त्या दुपारी गल्ली पिंजून काढली. दोघातिघांना बसवलं, सोडलं. त्या मेसेजनंतर ते खातं बंद झालं. ज्या सिमवरून ते चालायचं ते कुठल्या तरी लांबच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर निघालं, ज्याला आपल्या नावाने असं काही आहे हेच माहीत नव्हतं. मॅडम अजून मधून मधून फोन करतात. काही नवीन असेल तर सांगतात. बहुतेक वेळा नसतं. मी टेम्पोत आलो याबद्दल त्या मला एकदाही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सगळे व्हिडिओ काढून टाकले. म्हणजे माझे. लोकांनी पुढे पाठवलेले, भाताच्या पाककृतीमागे लावलेले, ते कुठे कुठे आहेत मला माहीत नाही. परवा एका गिऱ्हाइकाने हसत दाखवला. "बघा, तुम्ही फेमस आहात." कुत्रा दोनदा भुंकला. मी म्हटलं, "तेवढं बंद करा." त्यांना वाटलं मी लाजलो.

फ्रिजवरची यादी बहिणीने काढली. नवी करून दे असं ती म्हणाली नाही, आणि मीही केली नाही. त्याऐवजी ती रोज संध्याकाळी चिमणीच्या शेजारी बसते आणि तो शेतीचा खेळ स्वतः खेळते, वाईट खेळते, हरते. कुणाचंही नाव आलं, ओळखीचं असो की घरातलं, की दोघी मिळून त्या माणसाला फोन लावतात. मलाही कधीकधी येतो. "दादा, तू आत्ता काही लिहिलंस का?" नाही म्हणालो की ती तेवढंच विचारून फोन ठेवते. तांदूळ पोचवायला जातो त्या घरांत मी ही हकीगत सांगतो. बहुतेक आया म्हणतात, आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलायची बंदी आहे. मी म्हणतो, आमच्याकडेही होती. मग त्या आत मुलाला हाक मारतात.

त्या मे महिन्यात चिमणी घोटीला आली नाही. मी विचारलंही नाही. पावसाळ्यात ती आईवडिलांबरोबर दोन दिवस आली. उंबराखाली गेली, दगड मोजल्यासारखी बघत उभी राहिली, आणि बिस्किटांचा तोच पुडा तिथे ठेवून आली. परत येताना तिने माझा हात धरला. मला बरं वाटलं. पण तो हात धरणं नव्हतं. ती माझ्या तळहाताला बोट लावून बघत होती, तुसाचा खरखरीतपणा आहे का ते.

आता आम्ही फोनवर बोलतो. मी म्हणतो, "चिमणे." पलीकडे ती लगेच बोलत नाही. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो. सुरुवातीला मला वाटायचं लाइन गेली. मग बहिणीने सांगितलं, ती कान देऊन ऐकत असते, माझ्या मागे कुत्रा भुंकतोय का. भुंकला तर तो मामा नाही. हे तिचं तिनेच ठरवलं आहे, कुणी शिकवलं नाही. म्हणून आता मी चिमणे म्हणालो की गप्प राहतो. तिचं ऐकून होऊ देतो. मग ती म्हणते, "हां, बोल मामा."

गिरणीवर रात्री उंदीर फार होतात. माणसं म्हणतात, एखादं कुत्रं पाळा की, इतक्या मोठ्या जागेला राखण नको का? दिंडोरीचा एक ओळखीचा तर पिल्लू टोपलीत घालून घेऊन आला होता, काळं, कान ताठ. मी त्याला चहा पाजला आणि पिल्लासकट परत पाठवलं.